खाजगी शाळांना सरकारी पैसा द्यायचा तर कुठल्या अटीवर?

मृण्मयी_दे

शाळांच्या पैशावर कुठेही बोलणं निघालं की लगेच दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, सरकारी शाळा म्हणजे पैशाची नासाडी, त्यापेक्षा पालकांच्या हातात सरकारने फी भरायचं कूपन द्या आणि त्यांना हवी ती शाळा निवडू द्या. दुसऱ्याचं म्हणणं, ज्यांना खाजगी हवंय त्यांनी स्वतःच्या खिशातून भरावं, जनतेचा एक पैसाही तिकडे जाता कामा नये. मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. शाळा कोण चालवतं यावरच सगळी भांडणं होतात आणि पैसा घेतल्यावर त्या शाळेला काय काय करायची मुभा राहते हे कोणी विचारतच नाही.

माझ्यामते पहिला प्रश्न हा पाहिजे की सरकारचा पैसा घेणारी शाळा दारात आलेल्या मुलाला नाही म्हणू शकते का? बाकीचं सगळं, म्हणजे ट्रस्टची आहे की चर्चची आहे की नगरपालिकेची, त्याच्यानंतर.

नेदरलँड्सचं उदाहरण घ्या. तिथे जवळजवळ पूर्ण एकोणिसावं शतक या प्रश्नावर राजकारण तापलेलं होतं, धार्मिक लोकांना स्वतःच्या शाळा हव्या होत्या आणि पैसा फक्त सरकारी शाळांना मिळत होता. शेवटी 1917 मध्ये राज्यघटनेत बदल करून दोन्ही प्रकारच्या शाळांना सारखाच पैसा द्यायचं ठरलं, आणि आज तिथली साधारण दोन-तृतीयांश मुलं खाजगी संस्थांनी चालवलेल्या शाळांत शिकतात. पण त्या शाळांना नफा काढता येत नाही, शिक्षकांची पात्रता ठरलेली, तपासणी सरकारी, शेवटच्या परीक्षेचा एक भाग देशभर एकच. पालकांकडून ऐच्छिक वर्गणी घेता येते, पण ती भरली नाही म्हणून मुलाला सहलीतून किंवा कुठल्याही उपक्रमातून वगळता येणार नाही असा कायदाच 2021 पासून आहे.

आता चिली. 1981 मध्ये पिनोशेच्या लष्करी राजवटीत शाळा नगरपालिकांकडे दिल्या आणि पैसा मुलामागे जाणार असं केलं, मूल सरकारी शाळेत गेलं काय नि खाजगीत गेलं काय. ऐकायला एकदम न्याय्य. पण खाजगी शाळेला मुलं निवडून घ्यायची मोकळीक होती, नफ्याची मोकळीक होती, आणि 1993 पासून तर सरकारी पैशावर वरून फी लावायची पण मोकळीक मिळाली. मग जे व्हायचं तेच झालं, ज्याला जेवढी फी परवडते तेवढ्या थराची शाळा. 2006 मध्ये शाळकरी मुलं स्वतः रस्त्यावर उतरली, त्यांच्या काळ्यापांढऱ्या गणवेशावरून त्याला पेंग्विन क्रांती म्हणतात, मग 2011 मध्ये विद्यार्थ्यांची आणखी मोठी आंदोलनं झाली आणि शेवटी 2015 च्या कायद्याने नफा, निवड आणि वरची फी या तिन्ही गोष्टी टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं.

दोन्ही देशांत पैसा खाजगी शाळेला गेला, फरक पडला तो अटींमुळे. तुम्हाला काय वाटतं?

---

तर्कमित्र

धागा चांगला आहे पण अटींच्या नादात मूळ मुद्दा मागे पडायला नको. श्रीमंत माणूस आजही शाळा निवडतोच, फी भरून निवडतो नाहीतर चांगल्या शाळेच्या जवळ घर घेऊन निवडतो. निवड नसते ती फक्त गरिबाला. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनने 1955 मध्ये कूपनची कल्पना मांडली तेव्हा गाभा तोच होता की सरकारने शिक्षणाचा खर्च करावा, शाळा चालवायलाच पाहिजेत असं काही नाही.

आणि पुरावा म्हणाल तर आंध्रमधला प्रयोग आहे, मुरलीधरन आणि सुंदररामन या अभ्यासकांचा, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला. सोडत काढून काही मुलांना खाजगी शाळेचं कूपन दिलं. चार वर्षांनी पाहिलं तर तेलुगू आणि गणितात सरकारी शाळेतल्या मुलांच्या बरोबरीने, हिंदीत पुढे, आणि मुलामागे खर्च साधारण एक-तृतीयांश! एवढ्या कमी पैशात तेवढंच काम होत असेल तर उरलेल्या पैशात किती काय करता येईल याचा विचार करा.

---

राधिका_वि

@तर्कमित्र, तो खर्च एक-तृतीयांश कशामुळे होता तेही लिहा ना. त्याच अभ्यासात आहे, खाजगी शाळेतल्या शिक्षकांचा पगार सरकारी शिक्षकांच्या एक-षष्ठांशाहून कमी होता. मी शाळेत शिकवते म्हणून हे मला लगेच दिसतं. एवढ्या पगारावर कोण येतं तर शेजारपाजारची शिकलेली मुलगी, जिला दुसरं काम मिळत नाही, ती जीव तोडून शिकवतेही पण लग्न ठरलं किंवा बरी नोकरी मिळाली की वर्षाच्या मध्यात जाते. तुम्ही ज्याला बचत म्हणताय तो तिचा न दिलेला पगार आहे.

आणि मृण्मयीताई, 'नाही म्हणणं' याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण कुठलीच शाळा तोंडावर नाही म्हणत नाही. प्रवेशाचा अर्ज बघा. वडिलांचं शिक्षण, आईचं शिक्षण, आई नोकरी करते का, घरी कुठली भाषा बोलता, मोठं भावंड कुठल्या शाळेत. पाच वर्षाच्या मुलाला शिकवायला यातलं काय लागतं? मग मुलाशी 'गप्पा मारायला' बोलावतात, आणि पालकांशीही. अर्ज फक्त कामाच्या दिवशी अकरा ते एक मध्येच मिळणार, म्हणजे रोजंदारीवाल्याचा खाडा. आणि एवढं करूनही हवं नसलेलं मूल आलंच तर बाई गोड आवाजात सांगणार, "तुमच्या मुलाला आमच्याकडे जमवून घ्यायला जड जाईल हो, त्याच्याच भल्यासाठी सांगतेय." कागदावर नकार कुठेच नाही. त्यामुळे अट नुसती कायद्यात लिहून भागत नाही, प्रवेशाची सोडत शाळेच्या हातातून काढून बाहेर घेतली तरच तिला अर्थ आहे.

---

मंदार_स

राधिकाताई +१

माझा मुलगा उशिरा बोलायला लागला. ज्या शाळेत आधी गेलो तिथे हेच वाक्य, जवळजवळ शब्द न् शब्द, ऐकलंय. ती शाळा सरकारी अनुदान घेणारी होती. त्याचा राग अजून आहे. आता तो सरकारी शाळेत आहे, तिथल्या बाईंनी त्याला काही न विचारता आत घेतला. पण त्याच्या वर्गात त्याच्यासारखी आणखी मुलं आहेत, कारण सगळीकडून परत पाठवलेली मुलं शेवटी तिथेच येतात, आणि मग निकाल लागला की लोक म्हणतात सरकारी शाळेचा दर्जा बघा.

---

वाटसरू

खाजगीवाल्यांची एक बाजू इथे कोणी मांडली नाही म्हणून लिहितो, किस्सा खरा आणि खूप बोलका आहे.

ऑस्ट्रेलियात गोलबर्न म्हणून गाव आहे. 1962 साली तिथल्या एका कॅथलिक शाळेला सरकारी खात्याने सांगितलं की मुलांसाठी जादा स्वच्छतागृहं बांधा. शाळेकडे पैसे नव्हते आणि सरकार खाजगी शाळेला काही देत नव्हतं. मग तिथल्या कॅथलिक लोकांनी ठरवलं की ठीक आहे, आमच्या शाळा बंद. गावातल्या सगळ्या कॅथलिक शाळांना कुलूप लागलं आणि साधारण दोन हजार मुलं एकदम सरकारी शाळांच्या दारात नाव घालायला उभी राहिली. सगळ्यांना घ्यायला जागा कुठून असणार! आठवडाभरात शाळा पुन्हा उघडल्या, पण देशाला कळायचं ते कळलं की या शाळा सरकारचाही भार उचलत होत्या. पुढच्याच वर्षी पंतप्रधान मेन्झीस यांनी विज्ञान प्रयोगशाळांसाठी सरकारी आणि खाजगी दोन्ही शाळांना पैसे द्यायचं निवडणुकीत जाहीर केलं, आणि तिथून खाजगीला मदत सुरू झाली ती वाढतच गेली. 1981 मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानेही अशी मदत घटनेत बसते असं सांगितलं.

त्या पालकांचं म्हणणं मला पटतं, कर आम्हीपण भरतो, आमची मुलं सरकारी शाळेत आली असती तर खर्च केलाच असता ना?

---

हिशेबी_माणूस

@वाटसरू, दोन हजार मुलं एकदम आली तर काय होतं ते बरोबर सांगितलंत. आता उलट करून बघा, दोन-चार मुलं गेली तर काय होतं. 'पैसा मुलामागे जातो' हे वाक्य जिथे जिथे येतं तिथे हा हिशेब कोणी करत नाही म्हणून करतोच.

समजा एका सरकारी शाळेत पहिली ते पाचवी प्रत्येक वर्गात 30 मुलं, एकूण 150. त्यातली 15 मुलं खाजगी शाळेत गेली, प्रत्येक वर्गातून तीन. मुलामागे पैसा असेल तर शाळेचा दहा टक्के पैसा गेला. पण खर्च किती कमी झाला? शिक्षक पाचच लागणार, कारण प्रत्येक वर्गात अजून 27 मुलं बसलीयत. छप्पर तेवढंच, वीज तेवढीच, शिपाई तोच. कमी झाल्या फक्त पुस्तकं आणि वह्या. म्हणजे उत्पन्न दहा टक्के घटलं आणि खर्च एखाद-दोन टक्के. ती तूट कुठून भरायची, तर ग्रंथालय बंद, चित्रकलेचे सर बंद, दुरुस्ती पुढच्या वर्षी. मग ते बघून आणखी 15 मुलं जातात.

आणि जी 15 गेली ती कोण असतात? ज्यांच्या आईवडिलांना अर्ज भरायला वेळ मिळाला, ने-आण करता आली, ती. मागे राहिलेल्यांवर मुलामागे खर्च जास्त लागतो, आणि पैसा मात्र सरासरीने जातो.

अजून एक. खाजगी शाळा म्हणू शकते की आमच्या 40 जागा भरल्या, आता बंद. सरकारी शाळेला तसं म्हणता येत नाही, वर्षाच्या मध्यात बदली होऊन आलेलं मूल, ऊसतोडीला जाऊन परत आलेलं मूल, दुसऱ्या शाळेने काढलेलं मूल, सगळ्यांसाठी बाक तयार ठेवावा लागतो. रिकामा बाक हा पण खर्च आहे. अग्निशमन दलाला कोणी विझवलेल्या आगीमागे पैसे देत नाही, गाडी आणि माणसं तयार ठेवायचेच पैसे असतात, तसंच हे. म्हणून सरकारी शाळेला नुसत्या पटसंख्येवर पैसा देणं मला तत्त्वतःच चुकीचं वाटतं, काही रक्कम ठरलेली पाहिजे आणि काही पटावर.

---

तर्कमित्र

हिशेब मान्य आहे, पण मग एखादी शाळा कितीही वाईट चालली तरी तिला पैसा मिळतच राहणार का?

आणि निवडीबद्दल, कोलंबियात 1991 मध्ये माध्यमिक शाळेसाठी कूपन योजना आली होती, गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी. अर्जदार जास्त होते तिथे सोडत काढली, म्हणून अभ्यासकांना नंतर जिंकलेली आणि हरलेली मुलं शेजारी ठेवून बघता आली. ज्यांना कूपन लागलं त्या मुलांचं आठवी पूर्ण करण्याचं प्रमाण हरलेल्यांपेक्षा साधारण दहा टक्क्यांनी जास्त होतं. हे थोडंथोडकं नाही. त्या मुलांना तुम्ही काय सांगणार, थांबा, आधी आम्ही सरकारी शाळा सुधारतो?

---

मृण्मयी_दे

@तर्कमित्र, कोलंबियाचं उदाहरण मला खूप महत्त्वाचं वाटतं, त्या मुलांना मी अजिबात थांबा म्हणणार नाही. पण ती योजना कोणासाठी होती बघा, फक्त गरीब मुलांसाठी, आणि मुख्य कारण होतं सरकारी माध्यमिक शाळांत जागाच कमी होत्या. अमेरिकेत मिलवॉकीला 1990 मध्ये कूपन सुरू झालं तेही कमी उत्पन्नाच्या घरांसाठीच. आता उलट ॲरिझोना राज्य घ्या, आधी ठराविक गटांतल्या मुलांपुरता असलेला पैसा 2022 मध्ये तिथे सगळ्यांना खुला केला, तर सुरुवातीच्या अर्जदारांत बहुसंख्य मुलं अशी होती जी आधीपासून सरकारी शाळेत नव्हतीच. म्हणजे बऱ्याच ठिकाणी जे कुटुंब फी भरतच होतं त्याची फी सरकारने भरली. त्यांना नवीन निवड काही मिळाली नाही आणि तिजोरीतून पैसा मात्र गेला. दोन्हीला नाव तेच, कूपन!

स्वीडनबद्दल पण लिहायचं राहिलं. तिथे 1992 मध्ये खाजगी शाळांना पैसा सुरू झाला, आणि वरून फी घ्यायला बंदी आहे, हे चांगलं. पण नफ्याला बंदी नाही आणि शेअर बाजारातल्या कंपन्या शाळा चालवतात. प्रवेशासाठी बऱ्याच शाळांत प्रतीक्षायादीचा नियम, जो आधी नाव घालेल तो आधी. दिसायला निःपक्षपाती, पण मूल जन्मल्याबरोबर नाव घालायचं कोणाला माहीत असतं? देशात नुकत्याच आलेल्या कुटुंबाला तर नाहीच. 2013 मध्ये एक मोठी शाळा-कंपनी दिवाळखोरीत गेली, तिच्या शाळांत साधारण दहा हजार मुलं शिकत होती. काही शाळा दुसऱ्यांनी घेतल्या, काही बंद पडल्या, आणि बंद पडलेल्या शाळांतल्या मुलांची सोय करायला शेवटी नगरपालिकाच पुढे आल्या. नफा कंपनीचा आणि जबाबदारी सगळ्यांची, हे मला मान्य होणं शक्य नाही.

---

शंतनू_के

इथे फुल्यांची आठवण निघायलाच पाहिजे. 1882 मध्ये इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतिरावांनी जे निवेदन दिलं त्यात पैशाचाच मुद्दा आहे. सरकारी तिजोरीतला मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली आणि शिक्षक प्रशिक्षित हवेत, त्यांना पगार चांगला हवा हेही मांडलं. पैसा कोण भरतो आणि कोणाच्या मुलांवर खर्च होतो, हाच प्रश्न आज आपण वेगळ्या शब्दांत विचारतोय.

अनुदानाची पद्धत आपल्याकडे 1854 च्या वुडच्या खलित्यापासूनची, म्हणजे इंग्रजांच्या शिक्षणधोरणाच्या कागदापासूनची, म्हणजे भारतात हा प्रश्न नवा अजिबात नाही. 1957 मध्ये केरळात शिक्षण विधेयक आलं, त्यात अनुदानित खाजगी शाळांच्या शिक्षकांना पगार सरकारने थेट द्यावा अशी तरतूद होती, कारण संस्थाचालक मधल्यामध्ये कापून घ्यायचे. त्यावरून एवढं मोठं आंदोलन पेटलं की 1959 मध्ये सरकारच बरखास्त झालं. थेट पगाराला आज कोणी विरोध करणार नाही, पण तेव्हा ती केवढी मोठी गोष्ट होती बघा.

आणि 2009 चा शिक्षण हक्क कायदा, विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गात 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, सरकार प्रतिपूर्ती करणार, म्हणजे सरकारचा स्वतःचा मुलामागचा खर्च किंवा शाळेची फी यातलं जे कमी ते. त्याच कायद्यात मुलांची चाळणी लावायला बंदी आहे. मृण्मयीताईंची अट कायद्यात आहेच, पण प्रतिपूर्ती वेळेवर होत नाही ही शाळांची तक्रार आणि शाळा मुलांना वेगळं वागवतात ही पालकांची तक्रार, दोन्ही खऱ्या आहेत.

---

वाटसरू

धर्माचं काय? चर्चची शाळा, मदरसा, मठाची शाळा, यांना सगळ्यांचा पैसा द्यायचा तर जो तो धर्म मानत नाही तो करदाता म्हणणार माझा पैसा कशाला.

---

शंतनू_के

भारताच्या घटनेने यावर पायऱ्या केल्यात आणि मला त्या समजूतदार वाटतात. कलम 28 बघा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण द्यायचंच नाही. अनुदान घेणाऱ्या संस्थेत देता येतं, पण कोणावर सक्ती नाही, मूल लहान असेल तर पालकाची संमती लागते. आणि कलम 30 म्हणतं की अल्पसंख्याकांची संस्था आहे म्हणून अनुदानात भेदभाव करायचा नाही. फ्रान्सनेही 1959 च्या कायद्यात साधारण असाच मार्ग काढला, खाजगी शाळेने सरकारशी करार करायचा, शिक्षकांचा पगार सरकार देणार, अभ्यासक्रम सरकारचा, आणि कुठल्याही धर्माच्या मुलाला प्रवेश द्यायचा. स्वतःचं वळण शाळेने ठेवावं, पण दार उघडं.

---

राधिका_वि

@तर्कमित्र यांचा प्रश्न राहिलाच, वाईट शाळेला पैसा मिळतच राहणार का. शिक्षिका म्हणून मला हा प्रश्न टोचतो, कारण वाईट शाळा असतात, मी बघितल्यात, आणि तिथल्या मुलांचं वर्ष परत येत नाही.

पण निकालावर पैसा बांधला तर काय होतं ते इंग्लंडने केव्हाच करून बघितलंय. 1862 मध्ये तिथे नियम आला, निरीक्षक येणार, प्रत्येक मुलाची वाचन-लेखन-गणिताची परीक्षा घेणार, जेवढी पास तेवढं अनुदान. झालं काय, तर शिक्षकांनी तेवढंच घोकून घेतलं, बाकीचे विषय मागे पडले, मुलं पुस्तक पाठ करायची आणि न बघता 'वाचायची'. शतक संपता संपता ती पद्धत सोडून द्यावी लागली. माझ्या वर्गात आज तसा नियम आला तर मी पण हेच करेन, कारण नाहीतर सहकाऱ्याचा पगार कापला जाईल, आणि जे मूल हमखास नापास होणार आहे ते वर्गात नकोसंच वाटायला लागेल. मंदारच्या मुलाला मग सरकारी शाळेतही कोणी घेणार नाही.

मला वाटतं मागे पडलेल्या शाळेला आधी माणसं पाठवा. चांगला मुख्याध्यापक, दोन अनुभवी शिक्षक, आणि ज्या मुलांना जास्त गरज आहे त्यांच्यामागे जास्त पैसा. चिलीने 2008 मध्ये तेच केलं ना, गरीब मुलामागे जादा अनुदान, आणि ते घेणाऱ्या शाळेने त्या मुलाकडून फी घ्यायची नाही, त्याला निवडून नाकारायचं नाही. तरीही दोन-चार वर्षांत काही हललं नाही तर व्यवस्थापन बदला, पण शाळा बंद करून मुलांना लांब पाठवू नका, कारण लांब म्हटलं की आधी मुली घरी बसतात.

---

तर्कमित्र

राधिकाताई, मुलींचा मुद्दा बिनतोड आहे. माझं म्हणणं एवढंच की निवडीचा हक्क पालकाकडून काढून घेऊ नका. बाहेरून सोडत, वरून फी नाही, हिशेब उघडे, या अटींवर खाजगीला पैसा मिळत असेल तर मला अटी चालतील. नफ्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे, चांगलं काम करणाऱ्याने थोडा नफा मिळवला तर बिघडत नाही.

---

मृण्मयी_दे

नफ्यावर आपलं जमणार नाही असं दिसतंय, त्यावर वेगळा धागा काढते, कारण पुस्तकं, गणवेश आणि बस यांच्या नावाखाली काय काय वसूल होतं तेही त्यात यायला पाहिजे. तुमच्या तीन अटींत मी एक घालेन, वर्षाच्या मध्यात आलेलं मूल. सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक शाळेने काही बाक त्यासाठी रिकामे ठेवायचे आणि त्याचे पैसे सरकारने द्यायचे. हिशेबी_माणूस, 150 च्या पटाला असे किती बाक ठेवले तर झेपेल, जरा मांडून दाखवाल का?

---

हिशेबी_माणूस

वर्गात 30 च्या जागी 28 ला प्रवेश बंद करायचा आणि पैसा मात्र 30 चा द्यायचा, म्हणजे शाळेत दहा बाक. सरकारला मुलामागचा खर्च साधारण सात टक्क्यांनी वाढेल, सगळे बाक वर्षभर रिकामे राहिले तर. भरले तर वाढ शून्य. फक्त रिकामे बाक किती हे शाळेने दर महिन्याला दारावर लिहून लावायचं, नाहीतर पैसे घेऊन 'जागा नाही' सांगणारे निघतीलच.